माझ्या प्लायच्या पाटामुळे तुमचं बेअरिंग कसं गेलं ते मला पण कळूदे

सर्व्हिस मॅनेजर साहेब,

नमस्कार. मी सावंतवाडीजवळ राहतो, पाट चौरंग देव्हारे करून विकतो, एकटाच आहे, हाताखाली माणूस नाही. तुमचं रंधा करवत ड्रिल एकत्र असलेलं २ एचपी सिंगल फेजचं मशीन मे महिन्यात घेतलं, बिल सोबत जोडलंय. दोन महिन्यात ब्लॉकचं, म्हणजे रंध्याची पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याचं, पुलीकडचं बेअरिंग गेलं. फोटो पाठवले तर तुमच्या सर्व्हिसचा मुलगा फोनवर म्हणतो, काका फोटोत टेबलावर काहीतरी प्लायचं बसवलेलं दिसतंय, बाहेरची अटॅचमेंट लावली की वॉरंटी संपली. संपली काय, अशी कशी संपली?

आता ते प्लायचं काय आहे ते सांगतो. तुम्ही आडवं कापायला जो गाईड दिलाय त्याची पट्टी टेबलाच्या खाचेत दीड मिमी हलते. मी फणसाची ८ इंची फळी कापली, एक तुकडा उलटा केला आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकाला लावल्या, तर वरच्या टोकाला पोस्टकार्ड आरामात जाईल एवढी फट. गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसलेला चौरंग कोण घेणार माझ्याकडून? म्हणून १८ मिमी प्लायचा सरकता पाट केला, खाली शिसवीच्या दोन पट्ट्या खाचेत बरोबर बसतील अशा घासून घासून लावल्या, वर मेणबत्ती फिरवली, आता बोटाने ढकलला तरी सरकतो आणि फट शून्य. हे तुम्ही करून द्यायला हवं होतं खरं तर. करवतीच्या मागे फळी मिटू नये म्हणून जी पाचर पट्टी असते ती तर दिलीच नाही. एकदा ओला फणस फाडताना फळी पात्यावर आवळली आणि सरळ माझ्या पोटाकडे आली, नशीब मी बाजूला उभा होतो. दुसऱ्याच दिवशी अडीच मिमी पत्र्याची पट्टी कापून बसवली. पातं ३ मिमीची फट पाडतं, त्यात ती बरोबर मावते. हे दोन्ही टेबलाला आहेत साहेब, फिरणाऱ्या कुठल्याच भागाला लागत नाहीत.

एक गोष्ट मीच कबूल करतो. ड्रिलच्या चकमधे बोल्ट धरून ५ इंची प्लायच्या चकतीवर पॉलिश पेपर चिकटवला होता, कडा घासायला. त्यावर तुम्ही बोट ठेवलंत तर समजू शकतो. पण चक ब्लॉकच्या एका टोकाला आणि पुली दुसऱ्या टोकाला, आणि चकच्या बाजूचं बेअरिंग आजही आवाज न करता फिरतंय! गेलंय ते पुलीकडचं, ६२०५ नंबरचं. पट्टा काढून ब्लॉक हाताने फिरवला की जात्यासारखी घरघर ऐकू येते.

कारण पण सांगतो. मोटरची पुली आणि ब्लॉकची पुली एका रेषेत नाहीत. सरळ पट्टी लावून बघितली, ४ मिमी बाहेर. त्यामुळे पट्टा तिरका चालतो, एका बाजूने खाल्लाय, खाली काळा भुगा पडतो, लाकडाचा नव्हे रबराचा. वर तुमच्या फिटरने पट्टा तारेसारखा ताणून ठेवलेला. मशीन आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी याचा फोटो तुमच्या सेल्सवाल्याला व्हॉट्सॲपवर टाकला होता, त्याने अंगठा दाखवला आणि विषय संपला. तेव्हा प्लायचा पाट जन्माला पण आला नव्हता, तारीख बघा मेसेजवर.

माझं म्हणणं एवढंच की दोन्ही बेअरिंग आणि नवा पट्टा पाठवा, माणूस पाठवून पुल्या रेषेत करून द्या, नाहीतर मोटरच्या पायाला लांब खाचा असलेली प्लेट तरी पाठवा, मी सरकवून घेतो, मला येतं ते. गाईडची पट्टी पण बदलून हवीय. आणि अटॅचमेंटमुळे वॉरंटी जाते हे वॉरंटी कार्डावर कुठे छापलंय ते दाखवा, मी चष्मा लावून दोनदा वाचलं, सापडलं नाही.

पंधरा दिवस वाट बघतो. मग १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन आणि जिल्हा ग्राहक आयोग. धंद्यासाठी घेतलं म्हणून ग्राहक नाही असं सांगू नका, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे, आणि पाच लाखापर्यंतच्या वस्तूला तिथे फी पण नाही. मला तिथे जायची हौस नाही. चतुर्थीच्या आधी अकरा चौरंग द्यायचेत, चाकरमानी यायच्या आत, आणि सध्या हातरंध्यावर दिवसाला एक होतोय.

गेलेलं बेअरिंग काढलं की डबीत घालून कुरिअर करतो, आतल्या गोळ्या बघा आणि मग फोन करा.

आपला,
प्लायच्या पाटवाला ग्राहक