गुडघ्याच्या व्यायामाविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी फिजिओथेरपी सुरू केल्याचे फोनवर सांगताच आई गप्प झाली आणि बाबांनी विचारले, "आधीच झिजलेला गुडघा आणखी कशाला हलवायचा?" दिवाळीत बडोद्याला येण्यापूर्वी त्याचे नीट उत्तर द्यावे, म्हणून हे पत्र.

माझ्या हिमोफिलियात रक्त गोठवणारा जो घटक कमी पडतो, तो फॅक्टर आठ माझ्या लहानपणी सहज मिळत नव्हता. सांध्यात रक्त उतरले की पाय उशीवर ठेवून, बर्फ लावून दिवसेंदिवस पडून राहणे एवढेच आपल्या हाती होते, तेव्हा तुम्ही मला धावू दिले नाही हे योग्यच झाले. आता मी ठरलेल्या दिवशी फॅक्टर घेतो, त्यामुळे जी हालचाल तेव्हा धोक्याची होती ती आज मला करता येते.

सांध्यात वारंवार रक्त साचले की त्यातले लोह आतल्या अस्तरात उतरते, अस्तर सुजून जाड होते, त्यात नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्या फुटून पुन्हा रक्तस्राव होतो. या रहाटगाडग्यात कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजत जाते. गेलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही, हे स्पष्टच सांगतो. परंतु दुखते म्हणून पाय वापरला नाही की मांडीचा स्नायू वाळतो, आणि तो वाळला की सांध्याला आधार उरत नाही. माझी डावी मांडी बारीक झाल्याचे आईनेच तर आधी हेरले होते. हा सारा खटाटोप त्या मांडीसाठी आहे.

व्यायाम पाहून तुम्हाला कदाचित हसू येईल. पाठीवर झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने दाबून मनात पाच अंक मोजायचे आणि सोडायचे. यात सांधा जवळजवळ हलत नाही, काम फक्त स्नायू करतो. ते जमू लागल्यावर पाय सरळ ठेवून उचलणे, त्यानंतर खुर्चीवरून हात न टेकता उठणे. फॅक्टर आठचा परिणाम साधारण बारा तासांत निम्म्यावर येतो, म्हणून जड व्यायाम मी फॅक्टर घेतलेल्या दिवशीच ठेवतो. आखडलेला गुडघा दुसऱ्याने जोर लावून सरळ करणे मात्र पूर्ण वर्ज्य आहे. म्हणूनच बाबा, दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराबद्दल मला तुमच्याइतकाच आदर असला, तरी आखाड्याच्या पद्धतीने माझ्या सांध्याला तेल लावून चोळणे किंवा ओढणे नको.

आईला भीती वाटते ती ठणक्याची. झिजेचे दुखणे सकाळी आखडल्यासारखे असते आणि थोडे चालल्यावर बहुधा कमी होते. रक्तस्रावाच्या आरंभी सांध्यात मुंग्या आल्यासारखे वाटते, मग तो गरम होतो, फुगतो, आणि हालवला की कळ वाढत जाते. असे झाले तर व्यायाम ताबडतोब थांबवून फॅक्टर घ्यायचा आणि बर्फ लावून विश्रांती घ्यायची. सूज व दुखणे उतरल्यावरच हळूहळू पुन्हा सुरुवात करायची. कोणता प्रकार आहे हे कळेना, तर तो रक्तस्रावच समजायचा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन घरात असले तरी मला देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

माझ्या फिजिओथेरपिस्ट बाई छातीभर पाण्यात चालण्याचाही आग्रह धरतात, कारण पाणी शरीराचा बराच भार उचलते आणि गुडघा मोकळेपणाने वाकतो. लालबागच्या तरणतलावाच्या वेळा बाबांनी तेवढ्या विचारून ठेवाव्यात. जमिनीवर बसून जेवणे मला जमणार नाही, तेव्हा देवघरासमोरची उंच खुर्ची पंगतीपाशी आणून ठेवावी. ती व्यायामालाही उपयोगी पडेल.

तुमचा आज्ञाधारक मुलगा