सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र : महापालिकेकडे तक्रार सोसायटीच्या लेटरहेडवरच जावी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

विषय : परिसरातील तक्रारी व सूचना सोसायटीमार्फत महापालिकेकडे पाठवण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

गेटसमोरचं चेंबर गेल्या पावसाळ्यापासून खचलेलं आहे. ग्रुपवर त्याचे फोटो येतात, खाली संतापाचे मेसेज पडतात आणि दोन दिवसांत विषय बदलतो. काही सभासदांनी महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रारही नोंदवली. ती ‘निकाली’ दाखवून बंद झाली. चेंबर मात्र तसंच आहे. एकट्यादुकट्याची तक्रार बंद करणं सोपं असतं. म्हणून ती सोसायटीच्या लेटरहेडवर, समितीच्या सहीने जावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

या चेंबरचंच पाहा. रस्ता पथ विभागाचा, चेंबर मलनिस्सारण विभागाचं. डांबराचा नवा थर चढला की झाकण खाली राहतं, आणि ते उचलून रस्त्याच्या पातळीला कोणी आणायचं यावर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. अ‍ॅपवर आपण ‘खड्डा’ हा प्रकार निवडला, तर तक्रार पथ विभागाकडे जाते आणि ‘आमच्या अखत्यारीत नाही’ म्हणून तिथेच संपते. यावर उपाय म्हणजे वॉर्ड ऑफिसच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे एकच पत्र द्यायचं आणि दोन्ही खात्यांच्या अभियंत्यांना त्याच्या प्रती पाठवायच्या. मग कोणालाच हात झटकता येणार नाहीत. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्यायलाच हवा. पुढचं प्रत्येक स्मरणपत्र त्या क्रमांकाच्या आधारे जातं. तो नसेल तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

एका पत्रात एकच विषय असावा. चेंबर, कोपऱ्यावरचा बंद दिवा आणि भटकी कुत्री एकाच कागदावर आली, की तो कागद कोणत्याच टेबलावर टिकत नाही. दिव्याच्या तक्रारीत खांबाचा क्रमांक लिहावा, तो खांबावर रंगवलेला असतो.

उत्तरच आलं नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. पत्रावर काय कार्यवाही झाली आणि फाइल सध्या कोणाकडे आहे, एवढंच विचारावं; ३० दिवसांत माहिती देणं बंधनकारक आहे. मात्र हा अधिकार नागरिकाला दिलेला असल्याने अर्ज सोसायटीच्या नावे न करता एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. हा अर्ज माझ्या नावाने करायला मी तयार आहे.

तक्रारींइतकाच सूचनांचा विषय मला महत्त्वाचा वाटतो, आणि तिथे आपण पूर्णच मागे आहोत. शाळेसमोरच्या वळणावर फूटपाथ नाही. मुलं आणि आजी-आजोबा रोज वाहनांच्या मधून चालतात. हे बघून जीव कासावीस होतो. पण नवा फूटपाथ दुरुस्तीच्या पैशांतून होत नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच्या कित्येक महिने आधी चालू असते. मार्चमध्ये दिलेली मागणी एप्रिलच्या अंदाजपत्रकात न येता थेट त्याच्या पुढच्या वर्षावर जाते. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायला सुरुवात केली. आपल्याकडे अशी सोय असो वा नसो, वॉर्ड ऑफिसला आणि नगरसेवकांना लेखी सूचना देण्यापासून आपल्याला कोणी अडवलेलं नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. आपल्या प्रभाग समितीपुढे हा फूटपाथ मांडायला लावणं, हे आपलं काम आहे.

शेजारच्या सोसायट्यांच्या अध्यक्षांशीही आपण बोलावं. ते वळण त्यांच्याही मुलांच्या वाटेवर आहे, आणि चार लेटरहेडांवरून आलेल्या एकाच मागणीला वजन येतं.

तरी पुढील मासिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, आणि पत्रव्यवहाराची एक स्वतंत्र फाइल ऑफिसात ठेवावी. समिती बदलली तरी ती पुढच्यांच्या हाती यायला हवी. चेंबर आणि फूटपाथ या दोन्ही पत्रांचे मसुदे फोटोंसह मी सभेपूर्वी सचिवांकडे देतो. त्यांवर सह्या झाल्या की वॉर्ड ऑफिसला नेऊन देण्याची जबाबदारी माझी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सभासद, बी विंग