मायणीचे ‘भरतपूर’ करण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मायणी किंवा येरळवाडीच्या तलावांवरल्या पक्ष्यांची बातमी आली की ‘साताऱ्याचे भरतपूर’ हे शब्द हमखास येतात. खटाव तालुक्यातला असल्याने वाचून बरे वाटते. पण राजस्थानातल्या भरतपूरच्या त्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यात काय घडले, तेही एकदा पाहायला हवे.

पांढराशुभ्र, लाल तोंडाचा सायबेरियन क्रौंच तिथे हिवाळ्याला यायचा. १९६० च्या दशकात सुमारे २०० पक्षी होते; शेवटची जोडी २००२ साली दिसली. मोठा घाव वाटेतच बसला, अफगाणिस्तान-पाकिस्तानात होणाऱ्या शिकारीचा. मादी दोन अंडी घालते, पण बहुधा एकच पिल्लू उडण्याएवढे होते. मग मारलेल्यांची तूट भरायची कशी? त्यात खाण्याच्या बाबतीत हा पक्षी भारी चोखंदळ. त्याची भिस्त उथळ पाण्याखालच्या चिखलातून उपटलेल्या लव्हाळ्याच्या कंदांवर. पाणी चढले की ताट गेलेच.

१९८२ मध्ये तिथे गुरे चारायला बंदी झाली. गावकरी भडकले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासात भलतेच निघाले. म्हशी चरायच्या थांबल्यावर पाणगवत इतके माजले, की पक्ष्यांची पाणथळच बुजू लागली. ज्यांना हाकलले, त्याच म्हशी ती जागा मोकळी ठेवत होत्या!

मायणी परिसर २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव झाला. आपल्याकडचे रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) उथळ पाण्यातच चरतात. माण-खटावला उपसा योजनांचे पाणी हवेच. दुष्काळ भोगलेला माणूस त्याला नाही म्हणणार नाही. पण ऐन थंडीत तलाव काठोकाठ भरला, तर या पक्ष्यांनी उभे कुठे राहायचे? पाणी सोडण्याची आवर्तने ठरवताना पाटबंधारे आणि वन खात्याने एकत्र बसून डिसेंबर ते फेब्रुवारी काठाचा उथळ पट्टा राखावा. ‘सुशोभीकरण’ म्हटले की माझ्या तर पोटात गोळाच येतो. काठाला काँक्रीट आणि रंगीत दिवे तेवढे नकोत.

राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. चराईबद्दल काही ठरवायचे असेल, तर त्या बैठकीला काठावरच्या मेंढपाळांनाही बोलवावे, आणि तेही निर्णय होण्याआधी.

आपला,
एक वाचक, वडूज (जि. सातारा)