आई-बाबा, इम्युनोथेरपी आणि स्टिरॉइडबद्दल जरा सविस्तर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रविवारी फोनवर सगळं अर्धवट राहिलं, त्यात नेट सारखं जात होतं, म्हणून म्हटलं नीट लिहूनच पाठवते. आई, तू हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव, मोबाईलवर एवढं वाचायचा ते कंटाळा करतील. बाबांना विचारायचंय की काका म्हणतायत तसं एफडी मोडून इम्युनोथेरपीची इंजेक्शनं घ्यायची का, आणि तुला भीती वाटतेय की बाबांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या गोळ्यांबरोबर रोज स्टिरॉइड कशाला, त्याने तर इम्युनिटी कमी होते म्हणतात. प्रश्न दोन असले तरी दोन्हींचं मूळ एकच आहे, आणि मी इथे दिवसभर ज्या प्रोटीन्सच्या मागे असते तीच ती, न्यूक्लिअर रिसेप्टर्स.

रिसेप्टर म्हणजे निरोप घेणारं प्रोटीन, आणि माणसात अशी ४८ न्यूक्लिअर रिसेप्टर्स आहेत. बाकीची बरीचशी रिसेप्टर्स पेशीच्या आवरणावर बसलेली असतात, ही मात्र पेशीच्या आत असतात, हार्मोन आत शिरून त्यांना चिकटलं की ती डीएनएवर जाऊन बसतात आणि कुठली जीन्स चालू करायची, कुठली बंद, ते ठरवतात. बाबा, तुमची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, तुम्हाला असं सांगितलं तर लगेच कळेल: टेस्टोस्टेरॉन म्हणजे पाणी सोडायची चिठ्ठी, अँड्रोजन रिसेप्टर म्हणजे पाटकरी आणि जीन्स म्हणजे चाऱ्या. चिठ्ठी आली की पाटकरी दार उघडतो आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरची पेशी त्या पाण्यावर फोफावते. तुमचं दर तीन महिन्यांचं इंजेक्शन वृषणातून येणाऱ्या चिठ्ठ्या बंद करतं, आणि अबिराटेरॉन, म्हणजे सकाळी उपाशीपोटी घेता त्या चार गोळ्या, ज्यांच्यापायी तुम्हाला पोह्यांसाठी तासभर थांबावं लागतं, त्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथीत आणि खुद्द ट्यूमरमध्ये बनणाऱ्या चिठ्ठ्यासुद्धा बंद करतात. काही पेशंटमध्ये पुढे जाऊन एआर-व्ही७ नावाचा पाटकरी तयार होतो, त्याला चिठ्ठी घ्यायचा हातच नसतो, तो चिठ्ठीशिवायच दार उघडतो, आणि मग ही औषधं लागू पडेनाशी होतात. म्हणून डॉक्टर दर वेळी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची ती रक्ताची टेस्ट, करायला लावतात. तुमचा पीएसए खाली आलाय आणि खालीच आहे, म्हणजे आत्ता औषधं आपलं काम चोख करतायत, हे आधी दोघंही डोक्यात पक्कं बसवा.

हे सगळं समजलं त्यातलं खूप काही इथे शिकागोतच झालंय, आणि लॅबला जाताना मला त्याचा खरंच अभिमान वाटतो. १९४१ साली इथल्या चार्ल्स हगिन्स नावाच्या सर्जननी दाखवून दिलं की टेस्टोस्टेरॉन कमी केलं की पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सरसुद्धा आकसतो, तोपर्यंत कॅन्सरची पेशी कुणाचंच ऐकत नाही असंच लोक धरून चालायचे. त्यांना १९६६ साली नोबेल मिळालं. त्यांच्याच बरोबरच्या एलवूड जेन्सननी पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी लहान उंदरिणींना किरणोत्सारी इस्ट्रोजेन टोचलं आणि बघितलं तर गर्भाशयात ते बराच वेळ धरून ठेवलं जात होतं, बाकीच्या अवयवांतून मात्र निघून जात होतं, म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी असणारच. तेच इस्ट्रोजेन रिसेप्टर. आई, मावशीने पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतली ना, ती गोळी त्याच रिसेप्टरवर जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागा देत नाही. मावशीची गोळी आणि बाबांची ट्रीटमेंट एकाच कुळातली आहे.

आता इम्युनोथेरपी. आपल्या रक्तातल्या टी पेशी कॅन्सरच्या पेशी ओळखून मारू शकतात, पण ट्यूमरमध्ये बराच काळ झगडल्यावर त्या थकतात, त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक लागतो, आणि काका म्हणतायत ती इंजेक्शनं तो ब्रेक सोडवतात. फुप्फुसाच्या आणि त्वचेच्या कॅन्सरमध्ये त्यांनी खरोखर मोठा फरक पडलाय, त्यामुळे काकांचं ऐकीव ज्ञान अगदीच चुकीचं नाही. पण अँड्रोजन रिसेप्टर फक्त कॅन्सरच्या पेशीत नसतं, ते टी पेशीतही असतं! १८९८ सालीच एकाने लिहून ठेवलंय की खच्ची केलेल्या सशांची थायमस ग्रंथी मोठी होते, आणि टी पेशी तयार होतात त्या थायमसमध्येच, म्हणजे पुरुषांचं हार्मोन प्रतिकारशक्तीला दाबून ठेवतं याची कुणकुण तेव्हापासून होती. २०२२ साली पोर्टलंडच्या ग्रुपने हे टी पेशीच्या आत शिरून दाखवलं: टेस्टोस्टेरॉनने जागं झालेलं हे रिसेप्टर टी पेशीतल्या इंटरफेरॉन गॅमाच्या जीनलाच दाबतं, आणि इंटरफेरॉन गॅमा तर टी पेशीचं मुख्य हत्यार. रिसेप्टर अडवलं की उंदरांमध्ये तेच पीडी-१ चं औषध जास्त चांगलं चाललं. हा पेपर आला तेव्हा आमच्या लॅबमध्ये दिवसभर दुसरा विषय नव्हता.

मग दोन्ही एकत्र का देत नाहीत? दिली ना, मोठ्या ट्रायल्स झाल्या. एकीत ७५९ पेशंट होते, सगळ्यांना एन्झालुटामाइड, म्हणजे रिसेप्टरलाच अडवणारी गोळी, आणि निम्म्यांना सोबत इम्युनोथेरपीचं इंजेक्शन, तर इंजेक्शनवाले काही जास्त जगले नाहीत. दुसरी तशीच ट्रायल, वेगळ्या इंजेक्शनची, फायदा दिसत नाही म्हणून २०२३ साली थांबवावी लागली. मला स्वतःला याचं फार वाईट वाटलं, कारण उंदरांमधलं चित्र इतकं स्वच्छ होतं. मला वाटतं प्रोस्टेटच्या ट्यूमरमध्ये मुळात टी पेशीच फार कमी शिरतात, मग ज्या आत आल्याच नाहीत त्यांचा ब्रेक सोडून काय होणार. म्हणून बाबा, एफडीला हात लावायचा नाही. ती तुमची आणि आईची आहे, आणि जे औषध तुमच्या आजारात बहुतेकांना लागू पडत नाही त्याच्यावर ती घालवू नका, प्लीज. काकांना वाईट वाटू नये म्हणून तर मुळीच नको.

पण दार पूर्ण बंद आहे असंही नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये शंभरात तीनेक पेशंट असे असतात ज्यांच्या ट्यूमरमधली डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असते, त्याला एमएसआय-हाय म्हणतात, आणि त्यांना ही इंजेक्शनं खरंच लागू पडू शकतात. बायोप्सीत काढलेल्या तुकड्याचा ब्लॉक हॉस्पिटलमध्ये असतो, त्याच्यावर टेस्ट होते. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारा, एमएसआय आणि बीआरसीए नावाच्या जीन्सची, अशा दोन्ही टेस्ट केल्यात का, आणि नसतील तर करायच्या का.

आता आई, तुझा स्टिरॉइडचा प्रश्न. बाबांचं प्रेडनिसोलोन, म्हणजे तेच स्टिरॉइड, ज्या रिसेप्टरवर बसतं तेही याच ४८ मधलं, ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, आणि हो, ते टी पेशींना शांत करतं, तुझी शंका रास्त आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये दिसलंय की इम्युनोथेरपी सुरू करताना जे रोज १० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड घेत होते त्यांना फायदा कमी झाला, अर्थात त्यातले कित्येक आधीच जास्त आजारी होते. न्यूयॉर्कच्या एका लॅबने तर २०१३ मध्ये दाखवलं की अँड्रोजन रिसेप्टर अडवल्यावर काही ट्यूमर या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरलाच कामाला लावून वाढतात. हे मी तुझ्यापासून लपवत नाहीये. तरीपण बाबांची ५ मिलिग्रॅमची गोळी बंद करायची नाही, कारण अबिराटेरॉनमुळे शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनायचंही कमी होतं, मग मेंदू ॲड्रिनलला अजून जोरात कामाला लावतो आणि भलतीच हार्मोन्स वाढतात, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात. ती छोटी गोळी हे सगळं आवरून धरते. एकदम बंद केली तर चक्कर, उलट्या, फारच अशक्तपणा येऊ शकतो, म्हणून संपायच्या आधी चार दिवस नवीन पाकीट आणून ठेव.

आणि बाबा घेतात ती इम्युनिटीची पावडर. डब्यावर गुळवेल आणि 'इतर वनस्पती' एवढंच लिहिलंय, तू फोटो पाठवलास तेव्हा मी झूम करून वाचलं. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेल्या पेशंटबद्दल लिहिलं होतं, आणि अबिराटेरॉनने तसंही लिव्हरवर ताण येऊ शकतो म्हणून तर लिव्हरची टेस्ट करत राहतात. उद्यापासून ती बंद, आणि इतके दिवस घेतली हे डॉक्टरांना सांगायचं, लाजू नका, ते ओरडणार नाहीत.

बाबांना दुपारी एकदम घाम सुटतो, चिडचिड होते, ते औषधामुळेच, टेस्टोस्टेरॉन एकदम कमी झाल्यावर होतंच, मनाला लावून घेऊ नकोस. हाडंही विरळ होतात, तेव्हा संध्याकाळचं चालणं चुकवू नका आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन कधी करायचा ते विचारा. व्हिजिटला आत गेलात की मला फोन लावून स्पीकरवर ठेवा, इथे रात्र असली तरी मी जागी असेन, एमएसआयचं मी स्वतःच विचारते.

तुमची,
मनू