कर्ण, लगतची बाजू आणि आबांचा गुण्या

शाहूपुरी, सातारा
रविवार, रात्री

प्रिय चिमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तर आज लिहितेय. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच.

एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा फॉर्म भरला म्हटल्यावर तू फोनवर खो खो हसलीस. हसणारच! दहावीनंतर गणित सुटलं म्हणून मी अख्ख्या वाड्यात कंदी पेढे वाटले होते. आर्मी विंगला कुठल्याही शाखेची बारावी चालते हे कळल्यावर हुरळून गेले. पण गणिताचा पेपर आर्ट्सवालीलाही चुकत नाही, गं. 120 प्रश्न, 300 गुण, अडीच तास, कॅल्क्युलेटर बंद. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं की 0.83 वजा. म्हणजे अंदाजपंचे ठोकायचीही सोय नाही.

सगळ्यात आधी अडले ती त्रिकोणमितीत. साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, कोसाइन म्हणजे लगतची भागिले कर्ण, टॅन म्हणजे समोरची भागिले लगतची. रामरक्षेसारखं पाठ केलं. मग सराव पेपरात आलं: मनोऱ्यापासून 30 मीटरवरून टोक 60 अंशाच्या उन्नत कोनात, म्हणजे आडव्या रेषेपासून तेवढं वर, दिसतं, उंची किती? मी 10√3 वर गोल केला, म्हणजे जेमतेम 17 मीटर. खरं उत्तर 30√3, जवळजवळ 52. आणि माझं चुकीचं उत्तरही पर्यायांत हजर! पेपर काढणाऱ्यांना आपल्या चुका आपल्याआधी ठाऊक असतात.

आबा ओट्यावर थापी साफ करत होते. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, शाळा चौथीपर्यंत. माझी आकृती बघून म्हणाले, "पोरी, तू उभी कुठं हायेस?" मी मनोऱ्याच्या टोकावर बोट ठेवलं. "मग समोर काय दिसणार? जमीन!" झालं. समोरची बाजू कुठली ते कोन कुठला धरलाय त्यावर ठरतं. मी कोन घेतला 60 चा, पण समोरची बाजू वरच्या 30 च्या कोनाची धरून बसले होते.

मग त्यांनी पाया आखताना काटकोन कसा काढतात ते दाखवलं. गुण्या, म्हणजे गवंड्याचं काटकोन बघायचं हत्यार, लहान पडतो, म्हणून दोरीनं एका अंगाला 3 फूट, दुसऱ्या अंगाला 4 फूट घ्यायचे. तिरकं माप 5 भरलं की कोपरा गुण्यात. मोठ्या घराला 6, 8, 10. मी तिथंच हिशेब केला: 3 भागिले 5 म्हणजे 0.6, 6 भागिले 10 म्हणजेही 0.6. त्रिकोण दुप्पट झाला, साइन तसूभर हलला नाही. दहावीत सरांनी हे फळ्यावर नक्की लिहिलं असणार. तेव्हा आपण मागच्या बाकावर काय करत होतो ते इथं लिहीत नाही.

साइन-कोसाइनच्या किमतींचा तक्ताही आता पाठ करत नाही. 2 बाजूचा समभुज त्रिकोण मधोमध चिरला की 1, √3, 2 हातात येतात. त्यात 30 आणि 60 दोन्ही निघतात. 1 बाजूच्या चौरसाचा कर्ण √2, त्यात 45.

आणि एक गंमत. नववीतली ती वर्तुळाची जीवा आठवते? साइन तिचाच वंशज. इ.स. 499 च्या सुमारास आर्यभटानं अर्ध्या ज्यांचं कोष्टक दिलं. ज्या म्हणजेच जीवा. अरबीत ती 'जीबा' झाली. तिथं बहुतेक स्वर लिहीत नाहीत, म्हणून पुढं कुणी ते 'जैब', म्हणजे कपड्याची घडी, असं वाचलं आणि लॅटिनमध्ये त्याच अर्थाचं 'सायनस' केलं. आईच्या डोकेदुखीचं आणि माझ्या डोकेदुखीचं नाव एकच निघालं!

काल कोनमापकाला दोरा बांधला, खाली एक नट लटकवला आणि त्याच्या सरळ कडेवरून शेंडा बघत परसातल्या सिल्व्हर ओकपासून मागं सरकत गेले. दोरा 45 वर आला तिथं थांबले. टॅन 45 म्हणजे 1, म्हणून झाडापासूनचं अंतर तीच उंची. टेपनं 11 मीटर भरलं, त्यात माझ्या डोळ्यांपर्यंतचे दीड. साडेबारा मीटर. आबांनी नुसत्या नजरेनं "चाळीस फूट" म्हटलं होतं. मीटरचे फूट केले तर 41!

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा इथल्या टेकडीवरच्या चार भिंतीवर जाऊ. कोनमापक मी आणते, तू सांगलीचं भडंग आण. तिखट. आणि तुझ्या भावाकडं एनडीएचे जुने पेपर असले तर तेही. उत्तरं लिहिलेली असली तर खोडून आण.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
ढमी