आई-बाबा, तिखलं जमलं

मालवण,
कोजागिरीनंतरचा रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन रोज होतो आपला, पण आई "जेवलास काय रे" विचारते, मी "जेवलो" म्हणतो, बाबा मागून "मासे काय आलेत" विचारतात आणि तेवढ्यात ताईच्या कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, खरं बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून आज लिहायलाच बसलो. ताई, हे तू मोठ्याने वाचून दाखव दोघांना, बाबांचा नवीन चष्मा यायचाय ना अजून.

तर आई, पहिली बातमी, बांगड्याचं तिखलं, ते आपलं दाट तिखट कालवण, जमलं. तुझ्या हाताचं असतं तसंच. तिसऱ्या खेपेला जमलं, पण जमलं.

पहिल्या खेपेला कडू झालं होतं ते मी तुला सांगितलंच नाही. विहिरीमागच्या झाडाची तिरफळं काढली, काटे लागून हात ओरबाडले, पडवीत सुपात वाळत टाकली, सगळं नीट केलं. चांगली कडक वाळली, चोच उघडल्यासारखी तोंडं उघडली, आत ते काळं चकचकीत बी दिसायला लागलं. आणि मी ती बियांसकट वाटणात घातली! एवढी वर्षं तुला बघतोय, तू पायरीवर बसून एकेक तिरफळ दोन बोटांत दाबून बी बाहेर टाकायचीस आणि मी समोर अभ्यास करत बसलेला असायचो, पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. बी टाकायचं, साल ठेवायची, आणि साल पण वाटायची नाही, नुसती ठेचून वाटीभर पाण्यात चोळायची आणि ते पाणी सालींसकट आमटीत घालायचं. हे सगळं आता कळलं. दुसऱ्या खेपेला चव बरी होती पण मी डाव घालून ढवळलं, बांगड्यांचा पार भुगा झाला.

आज मात्र संध्याकाळी बंदरावर गेलो. लिलाव आटपत आला होता, वाळूत टोपल्यांची रांग, बर्फाच्या पेट्या, आणि आपली नेहमीची मावशी कडेला बसलेली. तिने मला बघितलं आणि आधी "तुझे बाबा खंय? बरे आसत मां?" विचारलं, मासे नंतर. बाबा, तिला सांगितलं मी की डोंबिवलीला ताईकडे आहेत, बीपीचं औषध चालू आहे, दिवाळीला येतील. तिने पाच बांगडे काढून दिले, कल्ले लालभडक, डोळे वर आलेले, पोटावर बोट दाबलं तर खड्डा राहत नव्हता. सध्या बांगडा चांगला लागतोय, तेलकट मासा आहे, कापताना सुरीला तेल लागतं.

घरी येऊन दहा ब्याडगी मिरच्या कोमट पाण्यात भिजवल्या, एक चमचा धने, अर्धा चमचा हळद, मूठभरच खोबरं, सगळं पाट्यावर वाटलं. मिक्सर आहे, पण मिक्सरचं वाटण फेसाळतं, पाट्यावरचं कसं लोण्यासारखं येतं. वाटण पातेल्यात, त्यात जेमतेम पाणी, कारण तिखलं म्हणजे अंगाबरोबर रस, सहा सोलं (आमसुलं), एक उकळी आली की बांगडे, मग तिरफळाचं पाणी, आणि मंद आच. डाव हातात घेतलाच नाही, दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून पातेलंच गोल हलवलं. गॅस बंद केल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल, झाकण, आणि दहा मिनिटं त्याकडे बघायचंच नाही. झाकण काढलं आणि आई, तुला खरं सांगतो, तो वास आला आणि मला वाटलं तू मागे न्हाणीपाशी उभी आहेस. मी तसाच उभा राहिलो थोडा वेळ.

एक गोष्ट विचारायची आहे. तू तिरफळं किती घालतेस? मी बारा घातली. तुला विचारलं की तू "अंदाजान" म्हणतेस, पण हा अंदाज तू मला शिकवल्याशिवाय मी तुला सोडणार नाहीये.

आता बाबा, तुमच्याबद्दल. ताई म्हणाली तुम्ही अर्धं ताट टाकून उठता. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं आणि तेव्हापासून घरात दुधी आणि मुगाची खिचडी चालू आहे आणि तुम्ही काही बोलत नाही, नुसते उठून गॅलरीत जाऊन बसता. ताईचं काही चुकत नाहीये, ती घाबरली आहे, मी पण घाबरलो होतो. पण माणसाला जेवावंसं वाटलं पाहिजे ना. मी इथे महिनाभर स्वतःवर करून बघितलंय, कमी मिठात आपलं जेवण होतं, छान होतं. तिखल्यात मिरची, तिरफळ आणि सोल एवढं काम करतात की नेहमीच्या निम्मं मीठ घातलं तरी जीभ तक्रार करत नाही. ताई, माशांना आधी मीठ चोळून ठेवतेस ते बंद कर, सगळं झाल्यावर शेवटी एकदाच घाल, म्हणजे नेमकं किती गेलं ते कळतं. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत म्हणतात, म्हणजे लहान चमचाभर, आणि त्यात पापड-लोणचं-फरसाण पण धरायचं, ते लोक विसरतात.

आणि आगळ! सोलकढीला आगळ घालू नका बाबांच्या, रातांब्याच्या त्या खारवलेल्या रसात मीठच मीठ असतं, ते टिकतंच त्याच्यावर. मी बिनमिठाची सोलं पाठवतोय, आपल्याच रातांब्याची, मे महिन्यात तू वाळवलेलीच, आई, बरणीवर तुझ्या हातची चिठ्ठी आहे अजून. ती दहा-बारा सोलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायची, चोळायची, गाळायची, त्यात नारळाचं दूध, एखादी लसूण पाकळी ठेचून, हिरवी मिरची, कोथिंबीर. रंग फिका गुलाबी येतो, हॉटेलातल्यासारखा गडद येत नाही, त्याची काळजी करू नका, असाच यायला हवा. सुकं मात्र बंद, बाबा. खारवलेला बांगडा भाजून पेजेबरोबर खाण्यासारखं सुख नाही हे मला माहीत आहे, तरी बंद.

डोंबिवलीला बांगडा बर्फातून येतो, कधी बरा असतो कधी नाही, पोट मऊ लागलं तर सरळ सोडून द्या. त्यापेक्षा तिकडे बोंबील बघा, वसई-पालघरकडचे ओले बोंबील तिथे मिळतात तसे आपल्याला मालवणात कुठे मिळतात! तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात केले तर आईला पण सोपं, वाटण नाही, खोवणं नाही. आई, तुझा खांदा दुखतोय ना, विळीवर बसून नारळ खोवायचा नाही, ताईकडे मिक्सर आहे, खोबऱ्याचे काप त्यात फिरव. पाट्याचं वेड माझ्याकडे राहू दे आता.

बरं, बाबांना खानावळींच्या बातम्या पाहिजेत, मला माहीत आहे. बाबा, तुमची एसटीची नोकरी संपली पण तुमचं शिक्षण अजून मला पुरतंय. तुम्ही सांगितलं होतं, आत गेल्यावर मेनू बघायचा नाही, "आज काय आलंय" विचारायचं, आणि समोरच्याने सगळ्या माशांची नावं घेतली तर पाणी पिऊन उठायचं. जुलैमध्ये ऑफिसचे तीन पाहुणे होते, हायवेवरच्या एका हॉटेलात ते स्वतःच शिरले, मी सोबत. मेनूवर सुरमई, पापलेट, सगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना बंदी, बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्री घातलेल्या, मग ही सुरमई कुठली? तुकडा आला तो कापसासारखा, रसाला वासच नाही. पाहुण्यांनी आवडीने खाल्लं आणि मला फार वाईट वाटलं, की ही माणसं एवढ्या लांबून आली आणि मालवणी जेवण म्हणजे हे असं समजून परत जाणार. त्यांना त्या महिन्यात खरं तर खाडीचं काही, नाहीतर टाकळा, फोडशी अशा रानभाज्या, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात द्यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घरी बोलावलं आणि पिठी केली. लसणाची फोडणी, दोन सोलं, कुळथाचं पीठ गार पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता. एकाने चार वेळा भात घेतला.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ दिला, बोटी गेल्या, मग मी परत बाहेर जेवायला सुरुवात केली. मालवणात चैतन्यला जाऊन आलो, अतिथी बांबूला पण. दोन्हीकडे थाळी चांगली, मी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं घेतलं, त्यात खोबरं भाजलेलं होतं आणि तिसऱ्या रबरासारख्या झालेल्या नव्हत्या, तिथेच कळतं की करणाऱ्याचं लक्ष आहे, कारण तोंड उघडलं की लगेच उतरवायच्या असतात. गर्दी मात्र रविवारी फार, तुम्ही आलात की आपण आठवड्याच्या मधल्या दिवशी जाऊ, साडेबाराच्या आत. सावंतवाडीला कामासाठी गेलो तेव्हा भालेकरांच्या खानावळीत जेवलो. बाबा, मी सातवीत असताना तुम्ही मला तिथे घेऊन गेला होतात, खाकी शर्ट तुमच्या अंगावर, ड्युटी संपलेली, आणि तुम्ही तुमच्या ताटातला मटणाचा मोठा तुकडा उचलून माझ्या ताटात घातला होतात. मला त्या दिवसाची बाकी काही आठवण नाही. तेवढीच आहे.

आई, तुझ्यासारख्या सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांसाठी गणपतीपुळ्याला भाऊ जोशींचं भोजनालय आहे, आपण गेलो होतो ना त्या वर्षी, परत जाऊ दर्शनाला. साधं शाकाहारी जेवण, पण जीव लावून केलेलं. माझं मत सांगू? आपल्या शाकाहारी पदार्थांची लोकांना खबरच नाही. बाहेरून येणारा प्रत्येक जण सुरमई मागतो. मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ, चिकाने बोटं काळी करून सोललेले काजू, गरम पाण्यात टाकले की साल सुटते, ती उसळ ज्याने खाल्ली नाही त्याला कोकण काय कळलं? शिरवळे घ्या, नारळाच्या दुधात गूळ-वेलची, तो शेवयांचा लाकडी साचा चालवायला दोन माणसं लागायची, बाबा दाबायचे आणि आई गोल फिरवून घ्यायची. खापरोळी घ्या, नारळाच्या गोड रसात बुडवलेली. धोंडस घ्या, जून काकडी किसून केलेलं. हे कुठल्याच हॉटेलात सहज मिळत नाही, घराघरांत आहे आणि करणाऱ्या बायका सगळ्या साठीच्या पुढच्या. म्हणून मी आता वही सुरू केली आहे. शेजारच्या काकींकडून खापरोळी लिहून घेतली, तुझ्याकडून सगळं बाकीचं घ्यायचंय.

पार्सल बुधवारच्या गाडीने पाठवतोय. त्यात सोलं, तिरफळं (बी काढलेली, मी स्वतः बसून काढली), कुळथाचं पीठ, पाच किलो उकडे तांदूळ आणि मालवणी मसाला. मसाला या वर्षीचाच, मे महिन्यात तू यादी दिलीस तसा मी प्रत्येक जिन्नस वेगळा भाजून डंकावर कांडून आणला होता, तू तेव्हा "धने जास्त भाजलेस" म्हणाली होतीस ते खरंच आहे, पण आता मुरलाय, बरा लागतोय. बाबांसाठी पेज रोज सकाळी करा, वरचं पाणी टाकू नका.

आणि दिवाळी. कापणी झाली आहे आपल्या खालच्या कुणग्याची, भात चांगलं आलं, त्यातलं दोन मण पोह्यांना दिलंय. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीसमोर कारीट, ते कडू फळ, फोडायचं आणि मग फोव (पोहे) खायचे, गुळाचे, ताकातले, तिखट, बटाट्याचे, आणि काळ्या वाटाण्याची उसळ. मागच्या वर्षी मी एकटाच होतो, कारीट फोडलं आणि विकतच्या पोह्यांचा एकच प्रकार केला, शेजारून वाडगे आले पण घरात बसून खायला कोण नव्हतं. या वर्षी तसं नको. कोकणकन्येची तिकिटं काढली आहेत, ठाण्याहून, खालच्या दोन्ही सीट मिळाल्यात, पहाटे उतरायची घाई नाही, सकाळी कुडाळला मी गाडी घेऊन उभा असेन. ताई आणि मुलं नंतर येतायत चार दिवसांनी.

ताकातले पोहे मला येत नाहीत, आई. ताकाला आलं-मिरची वाटून लावायची एवढं आठवतं, पण तू त्यात आणखी काहीतरी घालायचीस, हळदीचं पान का? फोनवर सांगू नकोस. येऊन करून दाखव, मी पाटावर बसून लिहून घेतो.

बाबा, तुम्ही याल त्या दिवशी संध्याकाळी बंदरावर आपण दोघं जाऊ. मासे तुम्ही निवडा.

तुमचा,
बाळू