खाते उघडण्याइतकेच ते मिटवणेही सोपे असावे

माननीय माहिती-तंत्रज्ञान मंत्री महोदय यांस,

सविनय नमस्कार.

पासवर्ड लांबलचक ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, ओटीपी कोणालाही सांगू नका, असे नागरिकांना वारंवार बजावले जाते. सल्ला योग्य आहे, परंतु तो वापरात असलेल्या खात्यांपुरताच उपयोगी पडतो. एखाद्या खरेदीपुरती, एखाद्या अर्जापुरती किंवा निव्वळ कुतूहलापोटी उघडलेली आणि नंतर विस्मरणात गेलेली कितीतरी खाती आपल्यापैकी प्रत्येकाच्या नावावर पडून असतात, आणि त्यांतील जन्मतारीख, पत्ता, फोन क्रमांक यांचे रक्षण, ती खाती आठवतच नसलेल्या माणसाने करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. हे काम कायद्यालाच करावे लागेल, म्हणून हे पत्र.

मायस्पेस या एकेकाळी अतिशय लोकप्रिय असलेल्या संकेतस्थळावरील सुमारे ३६ कोटी खात्यांची माहिती २०१६ साली विक्रीला आली. ती जून २०१३ पूर्वीची होती, आणि अनेक सदस्यांनी ते स्थळ केव्हाच सोडलेले होते. लिंक्डइनवर २०१२ साली झालेल्या चोरीत प्रथम सुमारे ६५ लाख पासवर्ड बाहेर आल्याचे दिसले. खरा आकडा ११ कोटींच्या पुढे असल्याचे चार वर्षांनी उघड झाले. असे फुटलेले पासवर्ड चोर दुसऱ्या ठिकाणी चालवून पाहतात. जनुकीय चाचणी करणाऱ्या ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीच्या सुमारे १४ हजार खात्यांत २०२३ साली याच मार्गाने शिरकाव झाला, आणि नातेवाईक शोधून देणाऱ्या सोयीमुळे तेथून जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्या लोकांपैकी बहुतेकांचा स्वतःचा पासवर्ड फुटलेलाही नव्हता. पुढे २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा ग्राहकांची माहिती कोणाच्या हाती जाणार हा प्रश्न उभा राहिला.

आणखी एका गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही. आपण सोडून दिलेला मोबाईल क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. जुने खाते त्याच क्रमांकाला जोडलेले राहिले असेल, तर त्याचा ओटीपी त्या अनोळखी व्यक्तीकडे पोहोचतो.

यावर खाते बंद करणे हाच खरा उपाय, पण वाट अडते ती नेमकी तेथेच. उघडण्याचे बटण पहिल्याच पानावर असते. मिटवण्याची सोय मात्र मदतविभागाच्या आत कुठेतरी दडवलेली असते, आणि कित्येकदा ईमेल पाठवून उत्तराची वाट पाहत बसावे लागते. एका कंपनीने मला खाते मिटवण्यासाठी ओळखपत्राचे छायाचित्र मागितले. उघडताना मात्र केवळ ईमेल पुरला होता. माहिती कमी करावी म्हणून गेलेल्या माणसाकडून अधिक माहिती घेण्याचा हा प्रकार मला अत्यंत आक्षेपार्ह वाटतो, आणि त्यावर स्पष्ट बंदी असावी.

संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, हे तत्त्व २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय माहिती-संरक्षण कायद्यात आहे, आणि माहिती पुसून घेण्याचा अधिकारही त्यात आहे. ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते त्यातच ते मिटवण्याची सोय असावी, अशी सक्ती ॲपलने ३० जून २०२२ पासून आपल्या ॲप स्टोअरवर केली. म्हणजे तांत्रिक अडचण हे कारण पुढे करता येणार नाही.

म्हणून विनंती अशी की, खाते उघडण्याच्या ठिकाणीच ते मिटवण्याची सोय देणे बंधनकारक करावे. खाते मिटवल्यावर राखीव प्रतींतून (बॅकअपमधून) आणि ज्या इतर कंपन्यांना माहिती पुरवली त्यांच्याकडूनही ती ठरावीक मुदतीत पुसली गेल्याचे लेखी कळवले जावे. करविषयक किंवा अन्य कायद्यांमुळे काही नोंदी ठेवाव्या लागत असतील, तर त्या कोणत्या आणि कधीपर्यंत, हेही त्याच पत्रात असावे. दीर्घकाळ न वापरलेल्या खात्यांबाबत आधी सूचना देऊन नंतर ती आपोआप पुसण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकावी. गूगलने दोन वर्षे निष्क्रिय राहिलेली वैयक्तिक खाती हटवण्याचे धोरण स्वतःहून स्वीकारलेच आहे.

हे नियम शासकीय संकेतस्थळांनाही लागू व्हावेत, किंबहुना सर्वांत आधी तेथेच. नागरिकांना तेथे खाते उघडावे की नाही याची निवड बहुधा नसते, आणि सर्वांत तपशीलवार माहितीही तेथेच साठलेली असते.

आपला विश्वासू,
एक नागरिक